तेल्याला वाट कोण दाखवतो?
बागेतून बागेत जाणारा रोग आणि आपला व्यापार

कापडाच्या धंद्यात एक जुना नियम आहे. बाहेरून आलेला लोकरी माल सरळ गोदामात लावायचा नाही. आधी गठ्ठा बाहेर ओट्यावर सोडायचा, घडी उलगडून पाहायची, झटकायची आणि कसर लागलेली नाही याची खात्री झाली की मगच माल आत घ्यायचा. ज्याने आळस केला, त्याच्या एका गठ्ठ्यातली कसर चार महिन्यांत साऱ्या फळ्यांवर पसरते. कसर स्वतःच्या पायांनी गावोगाव फिरत नाही. तिला व्यापारीच गाडीभाडे भरून आपल्या घरी आणतो.

फळबागांच्या रोगांचेही असेच आहे. आपल्या समाजातील बागवान बांधव पिढ्यान्‌पिढ्या फळांच्या व्यापारात आहेत. कोणी आडते आहेत, कोणी जागेवर सौदा करणारे खरेदीदार, तर कोणी तोडणीचे मुकादम. कोणाचे जुन्या क्रेटचे दुकान आहे, कोणाचा ट्रक आहे, कोणी कात्र्यांना धार लावतो, कोणी फवारणीचे पंप दुरुस्त करतो. या सर्वांचा पाय रोज कोणाच्या ना कोणाच्या बागेत पडतो. म्हणून बागेचा रोग ही फक्त शेतकऱ्याची बाब आहे असे समजून आपण मोकळे होऊ शकत नाही. हा रोग कसा पसरतो आणि तो रोखण्यात आपला हात किती आहे, हे डाळिंबाच्या उदाहरणावरून पाहू.

डाळिंब निवडण्याचे कारण उघड आहे. नाशिक जिल्ह्यातील कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा हा कसमादे पट्टा, सोलापूर जिल्ह्यातील सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, सांगली जिल्ह्यातील आटपाडी, अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता, संगमनेर या कमी पावसाच्या भागांना डाळिंबाने पैसा दाखवला. बहार साधला की किराणा, कापड, सोने, बांधकाम अशी सारी बाजारपेठ हसते. बहार गेला की शेतकऱ्याबरोबर दुकानदाराची उधारीही अडकते. लग्नसराईत कापडाच्या दुकानात गर्दी होणार की नाही, हे पुष्कळदा चार महिने आधी बागेतच ठरून गेलेले असते.

तेल्या म्हणजे काय?

डाळिंबावरील या रोगाला आपल्याकडे तेल्या म्हणतात. पानावर किंवा फळावर तेलाचा थेंब पडल्यासारखा लहान, ओलसर डाग दिसतो, त्यावरून हे नाव पडले. पुढे डाग तपकिरी-काळा होतो व पानावर त्याच्याभोवती पिवळी कड येते. फळावरचे डाग वाढून त्यांना इंग्रजी 'एल' किंवा 'वाय' अक्षरासारख्या चिरा पडतात आणि शेवटी फळ फुटते. फांदीच्या पेऱ्यावर डाग पडला तर तो फांदीला वेढा घालतो आणि फांदी तिथून मोडते.

हा रोग बुरशीचा नाही, जिवाणूचा आहे. 'झान्थोमोनास' या कुळातील हा जिवाणू डोळ्यांना दिसत नाही. माणसाला त्याचा अपाय नाही, पण डाग पडलेल्या फळाला बाजारात उठाव नसतो आणि परदेशी जाणाऱ्या मालात ते चालतच नाही. भारतात या रोगाची पहिली नोंद १९५२ साली दिल्लीत झाली. त्यानंतर पुष्कळ वर्षे तो किरकोळ समजला जात होता. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्रमध्ये त्याने बागाच्या बागा बसवल्या. सोलापूरजवळ केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ साली सुरू झाले. त्याच्या कामाचा मोठा भाग या एका रोगाने व्यापलेला आहे.

जिवाणूला तीन गोष्टी लागतात: ओलावा, ऊब आणि आत शिरायला वाट. पावसाळी दमट हवा आणि २८ ते ३० अंशांच्या आसपासचे तापमान त्याला फार मानवते. वाट म्हणजे पानावरील सूक्ष्म छिद्रे किंवा एखादी जखम. काट्याने ओरखडलेले फळ, किडीने कुरतडलेली साल, कात्रीने कापलेली फांदी हे त्याच्यासाठी उघडे दरवाजे आहेत. आत शिरल्यावर लगेच डाग दिसत नाही, मध्ये काही दिवस जातात. त्या दिवसांत झाड निरोगी दिसते, पण रोग आत असतो. ही गोष्ट व्यापाऱ्याने पक्की ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा घोटाळा येथूनच सुरू होतो.

जवळचा प्रवास आणि दूरचा प्रवास

रोगाचा प्रवास दोन प्रकारचा असतो. पहिला जवळचा. पावसाचा थेंब डागावर पडतो, उडतो आणि शेजारच्या पानावर जातो. वाऱ्यासह पाऊस असेल तर हे तुषार आणखी पुढे जातात व बांध ओलांडून शेजाऱ्याच्या बागेत पडतात. हा प्रवास निसर्गाचा आहे. वारा अडवणारी झाडे बांधावर लावून, दाट बाग विरळ करून आणि रोगट बागेला लागून नवी बाग न लावून तो कमी करता येतो, पण पूर्णपणे थांबवता येत नाही.

दुसरा प्रवास दूरचा. एका तालुक्यातला रोग साठ-सत्तर मैलांवरच्या दुसऱ्या तालुक्यात पोचतो, मधल्या भागात डाळिंबाचे झाड नसले तरी पोचतो. पावसाचा थेंब इतका लांब उडत नाही. हे अंतर त्याला माणूस पार करून देतो. कलम, कात्री, क्रेट, चाक आणि चिखल ही त्याची पाच वाहने आहेत आणि पाचही आपल्या धंद्याशी जोडलेली आहेत. पाऊस थांबवणे आपल्या हातात नाही, पण ही पाच वाहने थांबवणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. या लेखात सांगायचे ते एवढेच. पुढे जे आहे ते त्याचा तपशील.

पहिले वाहन: कलम

डाळिंबाची नवी बाग बहुतेक गुटी कलमांपासून लागते. झाडाच्या फांदीवर साल काढून, ओले शेवाळ बांधून तिथे मुळ्या फोडतात व फांदी कापून रोप तयार करतात. फांदी ज्या झाडाची, गुण त्या झाडाचे आणि दोषही त्याच झाडाचा. मातृबाग रोगट असेल तर प्रत्येक कलमाबरोबर रोग घरपोच मिळतो. तेल्या लांबच्या भागात पोचण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

'भगवा' वाणाला मागणी वाढली तेव्हा कलमांचा तुटवडा पडला. अशा वेळी ज्याच्याकडे झाड आहे तो कलम विकू लागतो आणि घेणारा बाग न पाहताच गाडी भरून नेतो. ज्या बागेत फळाचा बहार रोगाने गेला, तिथे नुकसान भरून काढण्यासाठी गुट्या बांधल्या जातात. म्हणजे जी बाग सर्वांत आजारी, तिचीच लेकरे सर्वांत दूर जातात.

आपल्यापैकी जे रोपवाटिकेचा किंवा कलमांच्या दलालीचा व्यवसाय करतात त्यांनी एक दंडक पाळावा. मातृबाग स्वतः पावसाळ्यात जाऊन पाहिल्याशिवाय कलम उचलू नये. उन्हाळ्यात पाहून काही कळत नाही, कारण रोग तेव्हा दबलेला असतो. पाने, फळे, विशेषतः फांद्यांचे पेरे पाहावेत. गिऱ्हाइकाला कोणत्या बागेचे कलम दिले याची नोंद वहीत असावी. ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे महाग पडतात, पण विश्वासू ठिकाणची असतील तर ती रोग घेऊन येत नाहीत. मात्र निरोगी रोपही पुढे शेजारच्या रोगट बागेतून रोग घेऊ शकते, हे गिऱ्हाइकाला सांगून द्यावे. खोटी हमी देऊन विकलेला माल शेवटी विकणाऱ्याचेच नाव बुडवतो.

दुसरे वाहन: कात्री

छाटणीच्या टोळ्या गावोगाव फिरतात. आज या गावी, उद्या त्या गावी. मजुराच्या हातात तीच कात्री असते. रोगट फांदी कापली की पात्याला रस लागतो, त्या रसात जिवाणू असतात. पुढच्या झाडावर कात्री चालवली की तोच रस ताज्या जखमेत जातो. डॉक्टरने एकच सुई साऱ्या वॉर्डाला टोचावी असा हा प्रकार आहे.

उपाय सोपा आणि स्वस्त आहे. सोडियम हायपोक्लोराईटचे १ टक्का द्रावण बादलीत तयार ठेवावे. बाजारातल्या डब्यावर ४ टक्के लिहिले असेल तर १ लिटर द्रावणात ३ लिटर पाणी मिसळले की १ टक्का द्रावण होते. रंगारी व धुलाईच्या कामातील आपल्या कारागिरांना हे द्रव्य परिचयाचे आहे. प्रत्येक मजुराकडे दोन कात्र्या असाव्यात. एक हातात, दुसरी बादलीत. एक झाड संपले की अदलाबदल करावी. त्यामुळे कामाचा खोळंबा होत नाही आणि पाते भिजायला वेळ मिळतो.

यात तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, पात्याचा चीक व माती आधी फडक्याने पुसावी, कारण घाणीत द्रावणाची ताकद फुकट जाते. दुसरी, द्रावण उन्हात ठेवू नये व गढूळ झाल्यावर बदलावे. तिसरी, हे द्रव्य लोखंडाला खाते, म्हणून संध्याकाळी कात्री साध्या पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलाचा हात फिरवावा. हातावर किंवा डोळ्यांत द्रावण उडू देऊ नये आणि ते कोणत्याही आम्लात मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

छाटणी नेहमी कोरड्या हवेत करावी. दव असताना किंवा पावसाची झड चालू असताना झाडाला हात लावू नये. रोगट फांदी डागाच्या खाली दोन-तीन इंच निरोगी भागात कापावी. कापलेल्या फांद्या बागेतून ओढत नेऊ नयेत, पोत्यात भरून बाहेर काढाव्यात व जाळाव्यात. निरोगी झाडे आधी छाटावीत, रोगट शेवटी. धार लावणाऱ्या कारागिरांनीही आलेली कात्री आधी बादलीत बुडवावी, मगच सहाणेला लावावी. एका दिवसात दहा गावच्या कात्र्या त्यांच्या हातातून जातात.

तिसरे वाहन: क्रेट आणि बारदान

फळांचे प्लॅस्टिक क्रेट एका बागेतून बाजारात, बाजारातून दुसऱ्या बागेत, असे वर्षभर फिरत असतात. त्यांच्या तळाशी पाने, काटक्या, फुटलेल्या फळाचे तुकडे चिकटलेले असतात. गळलेल्या रोगट पानांत हा जिवाणू चार महिन्यांपर्यंत जगू शकतो. म्हणजे मृग बहाराच्या तोडणीतला कचरा पुढच्या हंगामाच्या तोंडापर्यंत धोक्याचा राहतो. रिकामा क्रेट आपल्याला रिकामा वाटतो, पण तो तसा नसतो.

आडत्याने आपल्या गाळ्यामागे क्रेट धुण्याची जागा करावी. आधी पाण्याच्या जोराने कचरा काढावा, नंतर क्रेट हायपोक्लोराईटच्या पाण्यात बुडवावा आणि उन्हात वाळवावा. वाळवणे महत्त्वाचे, कारण कोरडेपणा जिवाणूला मानवत नाही. पोती आणि गवत धुता येत नाही. म्हणून एका बागेचे बारदान व पेंढा दुसऱ्या बागेत नेऊच नये. मालधनी आणि व्यापारी यांनी आपापल्या क्रेटला वेगळा रंग किंवा खूण करावी म्हणजे अदलाबदल होत नाही.

बाजारात प्रतवारी करताना जो सडका व डागी माल निघतो, तो ट्रॅक्टरने गावाबाहेर ओढ्याकाठी किंवा रस्त्याच्या कडेला टाकला जातो. ती जागा पुष्कळदा कोणाच्या तरी बागेला लागून असते. हा माल खड्ड्यात टाकून वर माती लोटावी. दिवसाला एक खड्डा, एवढाच खर्च.

चौथे आणि पाचवे वाहन: चाक आणि चिखल

तेल्या ओल्या पानांतून फिरतो, तर मर रोग मातीतून फिरतो. मर रोगात झाडाची एकेक फांदी पिवळी पडत जाते आणि शेवटी सारे झाड वाळते. खोड आडवे कापून पाहिले तर आत काळपट-तपकिरी डाग दिसतो. ही मुळांत व खोडात वाढणारी बुरशी आहे. तिचे बीज रोगट मातीत, वाहत्या पाण्यात आणि अवजारांवर असते. खोडाला बारीक भोके पाडणारा किडाही तिला मदत करतो.

खरेदीदाराची गाडी थेट बागेत जाते. पावसाळ्यात चाकाला चार बोटे चिखल लागतो आणि दुपारी तीच गाडी दुसऱ्या बागेत उभी राहते. भाड्याचा ट्रॅक्टर वाळलेली झाडे उपटून ओढत नेतो आणि त्याच अवजाराने दुसऱ्याची आंतरमशागत करतो. म्हणून गाडी बांधाबाहेर, रस्त्यावर उभी करावी. क्रेट डोक्यावर किंवा बागेच्या स्वतःच्या गाडीवरून बाहेर आणावेत. भाड्याच्या अवजाराची माती निघण्यापूर्वी तिथेच खरवडून, धुऊन टाकावी. बागेत जाताना व येताना चपला-बुटांचा चिखल काढावा. शेतकऱ्याने फाटकाशी चुन्याचे किंवा औषधाचे पाणी ठेवले असेल तर त्यात पाय बुडवायला कमीपणा मानू नये. आपल्या घरात येणाऱ्याने चपला दाराशी काढाव्यात असे आपण म्हणतो. शेतकऱ्याची बाग हे त्याचे घरच आहे.

एका दिवसात अनेक बागा पाहायच्या असतील तर क्रम ठरवावा. सकाळी नव्या व निरोगी बागा, दुपारनंतर जुन्या, आणि जिथे रोगाची शंका आहे ती सर्वांत शेवटी. तिथून सरळ घरी. दुसऱ्या दिवशी धुतलेले कपडे. या नियमाला एक पैसा लागत नाही.

मोरचूद आणि चुना

कापलेल्या जखमा झाकण्यासाठी व जिवाणूला अडवण्यासाठी बोर्डो मिश्रण हे जुने आणि परखलेले औषध आहे. त्याचा जन्म फ्रान्समधील बोर्डो भागात झाला. तिथले द्राक्षबागवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुन्याचे निळे पाणी शिंपडत, हेतू हा की वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत. मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की रोगाने बाकीचा मळा गेला तरी या वेली टिकल्या. १८८५ साली त्यांनी ही कृती जगापुढे मांडली आणि आजही ती चालू आहे.

१ टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत भिजवावे. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची असावीत, लोखंडाची नकोत. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतून ढवळावे. विळ्याचे स्वच्छ पाते त्यात क्षणभर बुडवावे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे, आणखी चुना घालावा. थर चढला नाही तर मिश्रण बरोबर आहे. ते त्याच दिवशी वापरावे. छाटणीच्या जखमांना लावायची मलम म्हणजे हेच पदार्थ प्रत्येकी १ किलो घेऊन फक्त १० लिटर पाण्यात कालवलेले.

मात्र औषध हे शेवटचे हत्यार आहे. एकदा रोग झाडाच्या आत शिरला की फवारणीने तो समूळ जात नाही, फक्त दबतो. त्यामुळे औषधविक्रेत्या बांधवांनी 'एका फवाऱ्यात तेल्या गायब' असे सांगून माल खपवू नये. काय, किती व केव्हा फवारावे हे कृषी विद्यापीठाच्या किंवा संशोधन केंद्राच्या चालू शिफारशीप्रमाणेच सांगावे.

बहाराची निवडही औषधाइतकीच मोलाची आहे. जून-जुलैत धरलेल्या मृग बहाराची फळे भर पावसात वाढतात आणि तेल्याच्या तावडीत सापडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या हस्त बहाराची फळे कोरड्या हवेत पोसतात. ज्या भागात रोग आहे तिथे हस्त बहार धरून, आधी झाडाला विश्रांती देऊन, गळालेली पाने गोळा करून जाळावीत अशी शिफारस आहे. व्यापाऱ्याने मृगाच्या मालासाठी आगाऊ उचल देऊन शेतकऱ्याला त्या बहाराकडे ओढू नये.

फ्लोरिडाचा धडा

हा प्रश्न फक्त आपलाच आहे असे नाही. डाळिंबाच्या तेल्याचा एक सख्खा भाऊ लिंबू-संत्र्यावर असतो, त्याला आपल्याकडे खैऱ्या म्हणतात. तो जिवाणूही याच कुळातला. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात तो १९१० च्या सुमारास जपानहून मागवलेल्या कलमांबरोबर आला. तेव्हा तिथल्या लोकांनी रोगट झाडे जागेवर जाळली, बागेत जाणाऱ्यांच्या कपड्यांची व अवजारांची शुद्धी सक्तीने केली आणि १९३३ साली राज्य रोगमुक्त झाल्याचे जाहीर केले.

पुढे रोग पुन्हा आला. १९९५ नंतर पुन्हा मोठी मोहीम झाली व दीड कोटीहून अधिक झाडे तोडली गेली. पण २००४ आणि २००५ च्या चक्रीवादळांनी रोग सर्वत्र उधळून दिला आणि जानेवारी २००६ मध्ये सरकारला ही मोहीम सोडून द्यावी लागली. वादळापुढे इतका पैसा आणि इतका कायदाही अपुरा पडला. धडा असा की रोग माणसाच्या हाताने फिरतो तोपर्यंतच तो आटोक्यात असतो. सगळीकडे बीज पडले आणि मग वादळी पाऊस आला, की कोणाच्याच हातात काही राहत नाही.

लपवाछपवी कोण करायला लावतो?

आता सर्वांत अवघड गोष्ट. माझ्या ओळखीचे एक वयस्क बागवान व्यापारी आहेत. त्यांनी एकाच हंगामात दोन गावांतल्या बागा उक्त्या घेतल्या. टोळी एक, क्रेट तेच. पुढच्या बहारात दुसऱ्या गावच्या बागेत तेल्या निघाला. शेतकरी म्हणाला, "हाजीसाब, हा रोग तुमच्या माणसांनी आणला." हाजीसाब म्हणाले, "पाटील, पहिल्या गावाने रोग असल्याचे मला सांगितलेच नव्हते." दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. सिद्ध काहीच होणार नाही. पण वीस वर्षांचा व्यवहार तिथे संपला.

पहिल्या गावाने का सांगितले नाही, याचा विचार व्हावा. कारण बागेत चार डाग दिसले अशी कुणकुण लागली की आपल्यातलेच काही जण भाव निम्म्यावर आणतात. डागी फळाबरोबर चांगल्या फळाचाही भाव पाडतात. मग शेतकरी डागी फळे रातोरात तोडून ओढ्यात टाकतो, फांद्या शेजाऱ्याच्या बांधावर फेकतो आणि खरेदीदाराला 'बाग एकदम स्वच्छ आहे' असे सांगतो. त्या खोटेपणाची किंमत आपणच पुढच्या वर्षी मोजतो, कारण तोवर आपल्याच क्रेटमधून रोग आणखी चार बागांत गेलेला असतो. आज एका बागेत दहा हजार कमावणारा व्यापारी उद्या पट्ट्यातला मालच कमी झाला म्हणून गाळ्यावर रिकामा बसतो.

यावर उपाय व्यवहारातच आहे. सौद्याच्या वेळी स्पष्ट बोली करावी: डागी फळाचा भाव वेगळा, निर्दोष फळाचा पूर्ण. रोग सांगितला म्हणून निर्दोष मालाचा भाव तोडणार नाही, असा शब्द द्यावा आणि पाळावा. बाजार समितीतील आडत्यांनी एकत्र बसून हा रिवाज ठरवला तर एकट्या व्यापाऱ्यावर बोजा येत नाही. शेतकऱ्यानेही रोग दिसताच आपल्या शेजाऱ्यांना, मुकादमाला आणि खरेदीदाराला कळवावे. कापडाच्या व्यापारात थानातली खोट आधी दाखवून माल विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते. खोट लपवणाऱ्याकडे एकदाच येते.

कायद्याचाही आधार आहे. झाडांचे रोग व किडी यांचा प्रसार रोखण्यासाठी आपल्या देशात १९१४ पासून कायदा अस्तित्वात आहे. केळीचा पर्णगुच्छ रोग कंदांबरोबर पसरतो, म्हणून काही राज्यांतून केळीचे कंद बाहेर नेण्यावर त्या कायद्याखाली बंदी घातली गेली. पण प्रत्येक बागेच्या फाटकावर सरकार शिपाई ठेवू शकत नाही. फाटकावर रोज उभा राहतो तो व्यापारी, मुकादम आणि मजूर.

म्हणून आपल्या बांधवांना विनंती अशी. येत्या हंगामात खरेदीला निघण्यापूर्वी गाडीत तीन वस्तू ठेवाव्यात: एक बादली, एक डबा हायपोक्लोराईट आणि एक ताठ काथ्याचा ब्रश. तिघांची किंमत मिळून एका क्रेट डाळिंबाइतकीही होणार नाही. मुकादमाला सांगावे की ज्याची कात्री बादलीत बुडत नाही त्याने आपल्या टोळीत राहू नये. शेतकऱ्यासमोर बादली उतरवली की त्यालाही कळते की हा व्यापारी एका बहारापुरता आलेला नाही. अशा व्यापाऱ्याला तो आपल्या बागेतला पहिला डाग स्वतः बोलावून दाखवील. तो पहिला डाग वेळेवर दिसला, फांदी कापून जाळली गेली आणि कात्री धुतली गेली, तर रोग त्याच झाडावर थांबू शकतो. डाग लपून राहिला तर तो पुढच्या गाडीत बसून आपल्याबरोबरच निघेल.